फेरफार ते ई-फेरफार : खानदेशातील गावदप्तर आणि परस्परसंबद्ध नोंदींच्या मेळाचा इतिहास
(विशेष संदर्भ : धरणगाव परिसर)

गोषवारा

एकाच वस्तुस्थितीची नोंद अनेक ठिकाणी असेल तर त्या सर्व नोंदी परस्परांशी जुळत्या कशा ठेवाव्यात, हा वेबआधारित माहितीप्रणालीतील मध्यवर्ती प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या महसुली दप्तराने हा प्रश्न संगणकाच्या आगमनापूर्वी दीर्घकाळ हाताळलेला आहे. वतनी दप्तर, भूमापन, अधिकार अभिलेख व ई-फेरफार या चार टप्प्यांतून खानदेशात नोंदींचा मेळ कशाच्या आधारे राखला गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. नोंदी एकमेकींशी जुळणे आणि नोंदी वस्तुस्थितीशी जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : गाव नमुने, फेरफार, सातबारा, अधिकार अभिलेख, संगणकीकरण, खानदेश.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्रात परस्परसंबद्ध नोंदींच्या सुसंगतीचा प्रश्न सामान्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानला जातो. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसाठ्याचे संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. माहिती सारण्यांत विभागावी, प्रत्येक नोंदीस स्वतःची ओळख असावी आणि एका सारणीने दुसऱ्या सारणीचा उल्लेख त्या ओळखीद्वारे करावा, हा त्या प्रतिमानाचा गाभा होय. एखादी वस्तुस्थिती दोन ठिकाणी लिहिली आणि एकाच ठिकाणी बदलली, तर माहितीसाठा स्वतःशीच विसंगत होतो. हा दोष टाळण्यासाठी पुढील दशकांत मोठे शास्त्र उभे राहिले.

महसुली दप्तराच्या अभ्यासकास मात्र हा प्रश्न ओळखीचा वाटतो. शेतजमिनीचा एक तुकडा गाव नमुना सातमध्ये असतो, आठ-अ मध्ये असतो, फेरफार नोंदवहीत असतो, भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकाशात असतो आणि दुय्यम निबंधकाच्या दप्तरात दस्ताच्या रूपानेही असतो. या पाच ठिकाणांचा मेळ बसला नाही तर शेतकऱ्याचे पीककर्ज अडते, वारसाचे नाव लागत नाही आणि भूसंपादनाचा मोबदला भलत्याच्या हाती जाण्याचा धोका निर्माण होतो.

धरणगाव हे या अभ्यासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण स्थळ आहे. १६७४ मध्ये येथे इंग्रजांची वखार स्थापन झाली, त्यावरून या पेठेचे कापडव्यापारातील महत्त्व लक्षात येते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणे येथेच होते. पूर्वी एरंडोल तालुक्यात मोडणारे हे गाव आज जळगाव जिल्ह्यातील स्वतंत्र तालुक्याचे मुख्यालय आहे. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून नंदुरबार वेगळा झाला. जिल्हा वा तालुका विभागला की त्याचे दप्तरही विभागावे लागते. जमीन जागची हलत नाही. तिचे कागद मात्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत प्रवास करतात.

२. वतनी दप्तर : दोन साक्षीदारांची पद्धत

मराठेशाहीत गावाचा हिशेब कुलकर्णी आणि परगण्याचा हिशेब देशपांडे लिहीत असे. ही दोन्ही पदे वंशपरंपरागत होती. कमाविसदार हा सरकारचा नेमलेला अधिकारी. त्याच्या हिशेबांवर फडणीस, मुजुमदार इत्यादी दरकदारांचा पहारा असे आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदारास नसे. म्हणजेच एकाच वसुलीचे लेखन भिन्न हितसंबंध असलेल्या भिन्न व्यक्तींकडे सोपविलेले होते.

आधुनिक माहितीशास्त्र पुनरुक्तीस दोष मानते. वतनी व्यवस्थेने पुनरुक्तीचा उपयोग साधन म्हणून केला. कुलकर्ण्याचा कागद आणि देशपांड्याचा कागद जुळला तर हिशेब ग्राह्य ठरे. जुळला नाही तर चौकशीस कारण मिळे. विसंगती ही येथे बिघाडाची नव्हे, तर लबाडीची खूण होती. अर्थात या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. दोघे साक्षीदार संगनमत करीत तेव्हा कागद जुळत आणि रयत भरडली जाई. शिवाय दप्तर ही वतनदाराची मालमत्ता समजली जात असल्याने दप्तर नाहीसे झाले की गावाची स्मृतीच नाहीशी होई. १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्या सुमाराची लुटालूट यांनी खानदेशातील असंख्य गावे ओसाड पडली. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी खानदेशाचा कारभार हाती घेतला तेव्हा कागद व गाव यांचा संबंध अनेक ठिकाणी तुटलेला होता.

३. भूमापन : जमिनीस कायमची ओळख

मुंबई इलाख्यातील भूमापनाची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात घडविली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित रूप दिले. प्रत्येक शेतास क्रमांक देणे, बांधावर दगड रोवणे, मातीच्या प्रतीनुसार आकार ठरविणे आणि तो तीस वर्षे न बदलणे ही तिची अंगे होती. पुढे १८६५ चा भूमापन व जमाबंदी कायदा आणि १८७९ ची जमीन महसूल संहिता यांनी तिला कायद्याचे अधिष्ठान दिले.

खानदेशात ही पद्धत सहजासहजी स्वीकारली गेली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी पाहणीस उघड विरोध केला आणि सरकारने लष्करी बळाने तो मोडून काढला. सारावाढीचे भय हे या विरोधाचे प्रमुख कारण होते. परंतु त्याचा आणखी एक अर्थ संभवतो. गावाबाहेरचा मोजणीदार आपल्या शेताची जी नोंद करील तीच यापुढे खरी मानली जाईल आणि ती तपासण्याचे साधन आपल्या हाती नसेल, ही जाणीवही त्यामागे असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

माहितीच्या दृष्टीने भूमापन क्रमांक हा मोठा पालट होता. तोपर्यंत शेत ओळखले जाई ते धारकाच्या नावाने, शेजाऱ्याच्या नावाने, विहिरीच्या वा झाडाच्या खुणेने. आता माणूस बदलला तरी क्रमांक तोच राहू लागला. कॉड यांच्या प्रतिमानात ज्याला प्राथमिक कळ म्हणतात, तिचेच हे दगडमातीतील रूप होय. जमीन हस्तांतरित होताना जाणाऱ्याने राजीनामा आणि येणाऱ्याने कबुलायत द्यावयाची. हे दोन कागद जोडीने आल्याखेरीज खाते बदलत नसे.

या व्यवस्थेत एक उणीव राहून गेली. सरकारला सारा भरणारा एक खातेदार हवा होता. त्यामुळे त्याचेच नाव दप्तरी आले. पोटहिस्सेदार भाऊ, कूळ, गहाणदार यांचे हक्क कागदाबाहेर राहिले. नोंद आणि वहिवाट यांतील अंतर वर्षानुवर्षे वाढत गेले.

४. अधिकार अभिलेख आणि फेरफाराची कल्पना

ही उणीव दूर करण्यासाठी मुंबई सरकारने १९०३ चा अधिकार अभिलेख कायदा केला. १९१३ मध्ये त्याची फेररचना होऊन त्यातील तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. पुढे अँडरसन यांच्या महसुली लेख्यांच्या नियमपुस्तिकेने गाव नमुन्यांना शिस्त लावली. आज प्रचलित असलेल्या एकवीस नमुन्यांच्या रचनेचे मूळ तेथे आहे. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि १९७१ चे अधिकार अभिलेख नियम यांनी हीच परंपरा पुढे चालविली.

या रचनेतील मर्म असे की, हक्काची सद्यस्थिती आणि हक्कातील बदल यांसाठी दोन स्वतंत्र वह्या ठेवल्या गेल्या. गाव नमुना सात ही स्थिती सांगतो. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, बदल सांगतो. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, कोर्टाचा हुकूम यांपैकी काहीही असो, ते प्रथम फेरफार नोंदवहीत अनुक्रमांकाने उतरते आणि प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर येते. सातबाऱ्यावरील नावाशेजारी त्या फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. हा क्रमांक म्हणजे एका नोंदवहीने दुसऱ्या नोंदवहीला दिलेला हवाला होय. जुने नाव खोडून टाकावयाचे नाही, त्यास कंस करावयाचा, ही रीतही अर्थपूर्ण होती. कंसातील नाव वाचता येते. त्याचा फेरफार काढून पाहता येतो. चार पिढ्यांचा इतिहास अशा रीतीने एका पानावर राहतो.

संहितेच्या कलम १४९ व १५० मध्ये या प्रक्रियेची पायरी-पायरीने मांडणी आहे. हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावी. तलाठ्याने (या पदास आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे) ती नोंदवून तिची प्रत चावडीत लावावी आणि हितसंबंधितांना सूचना द्यावी. हरकत आल्यास ती सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी. आणि अखेर वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी. हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी असतो. कलम १५४ अन्वये दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यानेही हस्तांतरणाची माहिती महसूल यंत्रणेस कळवावयाची असते.

या पंधरा दिवसांत संबद्ध नोंदी जाणीवपूर्वक विसंगत ठेवलेल्या असतात. दस्त एक सांगतो, सातबारा दुसरे सांगतो. कायद्याने ही विसंगती सहन केली, कारण मेळ घालण्यापूर्वी ज्याच्या हक्कास बाधा येणार त्यास बोलण्याची संधी मिळावी, हे त्याला अधिक मोलाचे वाटले. वेगाने जुळविणे आणि न्यायाने जुळविणे यांत येथे निवड केलेली दिसते.

५. नकाशा आणि नोंदवही

हक्काची नोंद महसूल खात्याकडे आणि मोजणीची नोंद भूमी अभिलेख खात्याकडे, ही विभागणी आजही कायम आहे. टिपण, गुणाकार बुक, फाळणी बारा, आकारबंद हे अभिलेख दुसऱ्या खात्यात असतात. शेताची हद्द वा क्षेत्र बदलले की तेथे कमी-जास्त पत्रक तयार होते आणि ते गावदप्तरी येऊन त्याचा अंमल देण्यात येतो. व्यवहारात ज्याला क.जा.प. म्हणतात, तो हाच दुवा. पत्रक निघाले आणि अंमल राहिला, तर नकाशात एक क्षेत्र आणि सातबाऱ्यावर दुसरे, अशी स्थिती उद्भवते. उलट वाटणीचा फेरफार होऊन पोटहिस्स्यांची मोजणीच झाली नाही, तर सातबारे तीन आणि नकाशात शेत एक, असे दृश्य दिसते. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानुसार गटयोजना झालेल्या गावांत भूमापन क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. ओळखीचा क्रमांकच बदलल्यामुळे जुन्या व नव्या क्रमांकांचा ताळा हा पुढील दाव्यांचा एक स्थायी विषय होऊन बसला.

हा मेळ राखणारी मुख्य कडी तलाठी होता. वतने रद्द झाल्यावर (परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने) पगारी व बदलीपात्र सेवकाकडे गावदप्तर आले. दर महसुली वर्षी, म्हणजे १ ऑगस्टपासून पुढे, नमुन्यांचे गोषवारे काढणे, ताळे जमविणे आणि तालुक्याच्या जमाबंदीत ते तपासून घेणे ही त्या दप्तराची दिनचर्या होती. गाव नमुना आठ-अ मधील खातेनिहाय क्षेत्राची बेरीज व नमुना एकमधील आकारबंदाचे क्षेत्र जुळले पाहिजे, हा त्यातील मूलभूत ताळा होय.

६. संगणकीकरण : हवाल्याकडून स्वयंचलित अंमलाकडे

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची प्रायोगिक योजना देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र व जमाबंदी आयुक्त कार्यालय यांच्या सहयोगाने ई-फेरफार ही प्रणाली विकसित होऊन २०१० नंतरच्या दशकात ती राज्यभर लागू झाली.

या प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदविला गेला की त्याची माहिती गावाच्या कामकाजात आपोआप पोहोचते. फेरफाराचा मसुदा तयार होतो. नमुना नऊची नोटीस निघते. मुदतीनंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आणि त्याचा अंमल सातबारा व आठ-अ या दोहोंवर होतो. जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये विशद केलेली संगणकीय व्यवहाराची संकल्पना येथे उपयोगी पडते. एखाद्या व्यवहारातील सर्व बदल एकदम व्हावेत अथवा एकही होऊ नये, ही तिची अट. एकाच प्रणालीत सातबारा बदलावा आणि आठ-अ तसाच राहावा, हे अशा रचनेत घडू नये.

तथापि हा टप्पा गाठण्यापूर्वी मोठे संक्रमण पार करावे लागले. दीर्घकाळ हस्तलिखित व संगणकीकृत असे दोन सातबारे नांदत होते. हस्तलिखितावर नोंद झाली, संगणकात राहिली. संगणकात टंकलेखनाची चूक झाली, हस्तलिखित बरोबर राहिले. यासाठी एडिट व री-एडिट अशा विशेष सुविधा देऊन दोन्ही उतारे ओळीओळीने ताडून पाहण्यात आले. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन घेण्यात आले. संगणकातील सातबारा ग्रामस्थांसमोर वाचून दाखवावा आणि चूक निघाल्यास दुरुस्त करावी, अशी ही पद्धत होती. आधुनिक माहितीसाठ्याची शुद्धी अखेर गावाच्या कानांवर सोपवावी लागली, हे लक्षणीय आहे.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. २०२० मध्ये उताऱ्याचे स्वरूप बदलले. कमी झालेली नावे कंसाऐवजी आडव्या रेघेने दर्शविली जाऊ लागली, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक येऊ लागला आणि फेरफार प्रलंबित आहे किंवा नाही हेही उताऱ्यावर दिसू लागले. यांतील शेवटची सुधारणा वरवर किरकोळ भासली तरी मूलगामी आहे. आपल्या दोन वह्यांत सध्या मेळ नाही, हे दप्तर स्वतःच वाचकास सांगू लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने गाव नमुना बारामधील पिकाची प्राथमिक नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणली. ज्याच्याविषयी नोंद, तोच नोंदविणारा, ही गावदप्तराच्या इतिहासातील नवी घटना होय.

७. विसंगतीची आणि सुसंगतीची किंमत

संहितेचे कलम १५७ असे गृहीत धरते की, अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी आहे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले असले तरी बँकेत, सोसायटीत, पीकविम्याच्या अर्जात व कचेरीच्या खिडकीवर उतारा हाच पुरावा चालतो. नोंद चुकीची आहे हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर येतो, तो बहुधा सर्वांत दुर्बल असतो.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. सहकारी संस्थेचे कर्ज घेताना शेतकरी सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे इकरार करून देतो आणि त्याचा बोजा इतर हक्कांत चढतो. कर्ज फिटले, संस्थेने बेबाकीचा दाखला दिला, तरी बोजा कमी करण्याचा स्वतंत्र फेरफार होईपर्यंत तो कर्जदारच दिसतो. संस्थेच्या खतावणीने एक सत्य सांगितले, सातबाऱ्याने दुसरे. कापसाच्या हंगामाआधी नवे कर्ज हवे असलेल्या खानदेशी शेतकऱ्यास या अंतराची झळ थेट बसते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, या तीन अक्षरांमागे भाऊ, बहिणी, विधवा यांचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या झाकलेले राहिले. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, महाराष्ट्राची १९९४ ची सुधारणा आणि २००५ ची केंद्रीय दुरुस्ती यांनी कन्येस हक्क दिला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती कार्यक्रमाने १९९० च्या सुमारास पत्नीचे नाव उताऱ्यावर आणण्याचा आग्रह धरला. पण मृत्यूनंतर वारसाची वर्दी देणारा पुरुष ज्यांची नावे सांगतो तीच वारस नोंदवहीत येतात. ज्या मुलीचे नाव वर्दीतच नाही, तिचे नाव सहा-क मध्ये नाही, फेरफारात नाही, सातबाऱ्यावर नाही आणि आठ-अ मध्येही नाही. येथे सर्व नोंदी परस्परांशी तंतोतंत जुळतात. माहितीशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर हे दप्तर निर्दोष ठरेल. तरीही ते खोटे आहे.

वतनी काळात दोन कागदांतील तफावत चौकशीस वाट करून देत असे. हस्तलिखित काळातही तलाठी-दप्तर, तालुका-दप्तर व निबंधकाचे दप्तर वेगवेगळ्या हातांनी लिहिले जात असल्याने चूक एका ठिकाणी अडून राहण्याची शक्यता होती. स्वयंचलित अंमलात योग्य बदल क्षणार्धात सर्वत्र पोहोचतो आणि अयोग्य बदलही तितक्याच वेगाने पोहोचतो. त्यानंतर चुकीच्या विरुद्ध साक्ष देणारा दुसरा कागद उरत नाही. कलम १५५ खालील दुरुस्तीची तरतूद लेखनप्रमादापुरती आहे. वगळलेल्या हक्कासाठी वगळलेल्या व्यक्तीसच पुढे यावे लागते.

८. निष्कर्ष

१) नोंदींच्या मेळाचा आधार खानदेशात क्रमाने बदलत गेला. वतनी काळात तो परस्परांवरील पहारा होता, भूमापनकाळात जमिनीची स्थिर ओळख, अधिकार अभिलेखाच्या काळात कायद्याने आखलेली कार्यपद्धती आणि आज तो संगणकप्रणालीची रचना आहे. प्रत्येक टप्प्याने आधीच्या टप्प्यातील काही स्वीकारले व काही गमावले.

२) स्थिती आणि बदल यांच्या स्वतंत्र नोंदवह्या ठेवून त्यांना क्रमांकाने जोडण्याची कल्पना गावदप्तरात संबंधाधिष्ठित प्रतिमानापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ रुजलेली होती. ई-फेरफार हे नाव या सातत्याची साक्ष देते.

३) हरकतीची मुदत ही प्रक्रियेतील दिरंगाई नसून तिचा प्राण आहे. वेगाच्या आग्रहात नोटीस केवळ औपचारिक झाल्यास मेळ साधेल, पण न्याय साधणार नाही.

४) नोंदींची सुसंगती ही सत्याची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही. म्हणून ज्यांच्याविषयी नोंद आहे त्यांच्यापर्यंत, आणि विशेषतः ज्यांचे नाव नोंदीत यावयास हवे होते त्यांच्यापर्यंत, दप्तर पोहोचविणारी चावडीवाचनासारखी साधने एका मोहिमेपुरती न राहता नियमित असावयास हवीत.

वतनी हिशेबापासून ई-पीक पाहणीपर्यंत धरणगावच्या शिवाराची नोंद अनेक हातांनी झाली. त्या नोंदीवर हरकत घेण्याचा अधिकार कोणाला आणि किती दिवस होता, यावरून प्रत्येक काळातील दप्तराचे मोल ठरवावे, हे अधिक उचित होईल.